साठ अक्षरांचा रकाना

कॉम्प्युटरनं टुंग केलं आणि थोरलीनं दात आवळले.

सकाळपासूनचं हे सातवं टुंग. पडद्यावर निळ्या पट्टीत तीच ओळ उमटली होती : 'रकाना रिकामा आहे. नोंद घेतली जाणार नाही.' त्या यंत्राला बिचाऱ्याला काय कळतंय. ती ओळ त्यात घातली होती तिच्या नवऱ्यानं. वजनमापांचा निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं त्यानं दुकानादुकानांतले तराजू तपासले, आणि निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही तेव्हा घरातल्या व्हिडिओ टेपा तपासायला घेतल्या. सहाशे बत्तीस टेपा. भिंतीला टेकून, पलंगाखाली, कपाटात. कपाटाच्या साडेचार फळ्या टेपांच्या आणि थोरलीच्या कपड्यांना अर्धी, तीही वरची, जिथं हात पोचायला स्टूल लागे.

प्रोग्राम त्यानं पुस्तकात बघून बघून स्वतः जुळवला होता. नंबर, नाव, तारीख, लांबी, अवस्था, आणि सगळ्यात शेवटी त्याचा लाडका रकाना : 'आधीचं रेकॉर्डिंग'. टेपेवर पूर्वी काय होतं, कशावर काय घेतलं, हे लिहिल्याशिवाय प्रोग्राम एक पाऊल पुढं टाकत नसे. कोरी असेल तर 'कोरी' लिहायचं. पण रिकामं ठेवायचं नाही. रिकाम्या रकान्यात लबाडी राहते, असं निरीक्षक म्हणायचा.

एकशे नव्वद नंबरापर्यंत त्याचं त्यानं केलं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी बसली, वर काळा चष्मा आला, आणि साहेब बाहेरच्या खोलीत रेडिओला कान लावून आरामखुर्चीत पसरले. टाइप करायला बायको होतीच. थोरली आयुष्यभर कोर्टात टायपिस्ट. साक्षीदार सांगेल ते जसंच्या तसं उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही, शंका काढायची नाही. शंका काढायला वकील असतात. तिची बोटं अजूनही पडद्याकडं न बघता पळत.

"कितवी?" बाहेरून आवाज आला.

"अडली आहे तुमची गाडी. आधी काय होतं ते लेबलवर नाही."

"मग रजिस्टर कशाला आहे? मागची पानं बघ. पुसलेल्यांची वेगळी यादी आहे. अगं, मी एक ओळ सोडलेली नाही आजवर."

"हो, देवानं जग केलं तेव्हा तुम्हीच नोंद घ्यायला बसला होतात."

"असतो, तर इतका घोळ नसता झाला," निरीक्षक म्हणाला, आणि रेडिओ थोडा मोठा केला.

थोरली हसली. हे मुद्दाम सांगायला हवं, की ती तेव्हा हसली होती.

टेप हातात होती. नंबर दोनशे चौदा. लेबलवर मुंगीएवढं अक्षर : 'टेनिस, पुरुष एकेरी, उपांत्य सामना, ३ तास ५ मि.' त्या लेबलाच्या खाली आणखी एक लेबल होतं, ब्लेडनं खरवडलेलं, कडेला थोडा गुलाबी कागद राहिलेला. तिनं तो नखानं सहज उचकटला. गुलाबी कागद या घरात कोणी वापरत नसे. गुलाबी कागद तिनं एकदाच आणला होता, एका टेपेसाठी.

तिनं रजिस्टर उलटं केलं, मागची पानं उघडली. बोट खाली खाली सरकत गेलं. दोनशे नऊ. दोनशे अकरा. दोनशे चौदा.

'२१४. आधीचं : सासूबाईंची गाणी, ४१ मि. (चुकून). दि. ८.'

आणि वर्ष. अकरा वर्षांपूर्वीचं.

बोट तिथंच राहिलं. बाहेर रेडिओवर कोणी तरी पाऊसपाण्याचा अंदाज सांगत होतं. थोरलीच्या कानांत मात्र बटणं वाजायला लागली.

बटणांचं असं होतं. तिची आई रिकाम्या हातांनी गाऊ शकत नसे. हातांना काम असलं की गळा आपोआप सुटे, लेकी, सुना, शेजारणी, कोणावरही दोन ओळी जुळवे, आणि काम संपलं की गाणंही संपे. शेजारच्या कॅमेरावाल्याला बोलावून तिला खुर्चीत बसवलं तेव्हा ती पुतळ्यासारखी गप्प. मग थोरलीनं जुन्या बटणांचा पत्र्याचा डबा तिच्या मांडीत ओतला. "आई, रंगारंगानं वेगळी कर गं." झालं. एकेचाळीस मिनिटं आई बटणं निवडत गायली. टप टप बटणं पडताहेत आणि त्या तालावर सगळं घरदार ओळीत येऊन बसतंय. चार महिन्यांनी आई गेली. आईचा दुसरा आवाज कुठं नव्हता. एकही नाही.

आणि मग ती टेप हरवली.

आईचा वाढदिवस पंधरा तारखेला. त्या दिवशी दोघी बहिणींनी मिळून टेप बघायची ठरली होती. धाकटी चौदाला आली, सतराला गेली. तीन दिवस कपाटं उपसली, पलंग हलवले, टेप नाही. निरीक्षकही त्यांच्या बरोबरीनं वाकून शोधत होता, पलंगाखाली बॅटरी मारत होता. धाकटी गेल्यावर, संध्याकाळी, चपला काढता काढता तो म्हणाला, "मी बोलणार नव्हतो. पण तिनं कागदात गुंडाळलेलं काही तरी चौकोनी पिशवीत घातलं. मी पाहिलं."

थोरलीनं साक्ष उतरवून घेतली. जशीच्या तशी. उलट एक प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ती धाकटीच्या घरी गेली आणि जिन्यातच सुरू झाली. चार मजले दारं उघडून ऐकत होते. धाकटी दारात उभी, तोंडात टाचण्या. तिचं कपडे दुरुस्तीचं काम, टाचण्या ओठांत धरायची सवय. तिला बोलताच येईना. "आईला चोरून नेलीस!" थोरली ओरडली. "मेलेल्या आईला चोरलीस तू!" धाकटीनं एकेक टाचणी काढली, हातावर ठेवली, म्हणाली, "ताई, पिशवी दाखवू?" "आता काय दाखवतेस, लपवून झाल्यावर!" धाकटीनं दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. ते अकरा वर्षं लागलेलंच होतं.

त्याच महिन्याची आठ तारीख. धाकटी चौदाला आली. म्हणजे पलंगाखाली बॅटरी मारणाऱ्या माणसाला तेव्हा सहा दिवस ठाऊक होतं.

थोरली उठली. बाहेर गेली. रेडिओचं बटण फिरवून बंद केलं.

"अगं, ऐकतोय मी!"

"दोनशे चौदा," ती म्हणाली.

काळ्या चष्म्याआड काही दिसलं नाही. पण खुर्चीच्या हातावरची त्याची बोटं थांबली.

"ती... ती राहू दे आज. पुढची घे."

"पुढची घेता येत नाही. तुमचा प्रोग्राम घेऊ देत नाही. रकाना रिकामा आहे म्हणतो."

"चुकून झालं होतं," तो म्हणाला. "तसं लिहिलंय मी. कंसात लिहिलंय. सामना सुरू झाला होता, हाताशी आली ती टेप घातली, आणि..."

"पुसलीत त्याबद्दल मी अजून एक शब्द बोललेले नाही! टेप पुसली जाते. माणसाच्या हातून होतं. मी रडले असते, भांडले असते, आठ दिवस तुमच्याशी बोलले नसते, आणि संपलं असतं. मी पिशवीचं विचारतेय. पिशवीतल्या त्या चौकोनी वस्तूचं!"

"मी म्हटलं, काही तरी चौकोनी. टेप म्हटलं नव्हतं मी. तू अर्थ काढलास."

थोरलीला वाटलं, आता आपल्याला काही तरी होणार. छातीत नाही, हातांत. समोरची उशी, पेला, रेडिओ, जे सापडेल ते भिंतीवर जाईल.

"अकरा वर्षं!" ती म्हणाली. "दुकानदाराच्या वजनात दोन ग्रॅम कमी निघाले तर तुम्ही त्याचा काटा जप्त करत होतात. दोन ग्रॅम! आणि इथं माझी बहीण गेली अख्खी! तिच्या मुलीचं लग्न झालं, मी नव्हते. तिचा नवरा चार महिने दवाखान्यात होता, मला मीठवाल्याकडून कळलं. मीठवाल्याकडून! बसमध्ये समोर दिसली एकदा, मी आधीच्या थांब्यावर उतरून चालत आले. आणि तुम्ही इथं बसून टेपांना नंबर घालत होतात!"

"हळू बोल. शेजारी..."

"ऐकू देत! तेव्हा तिच्या जिन्यात चार मजल्यांनी ऐकलं, आता या जिन्यानंही ऐकू दे!"

"डोळ्याला ताण नको म्हणालेत डॉक्टर," तो पुटपुटला.

"मग मिटून घ्या. मिटून घ्यायची सवय आहेच."

तिनं रजिस्टर काखेत मारलं, चपला घातल्या. दाराशी पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, बारीक, खरोखर काळजीचा : "बाकीचं सेव्ह केलंस ना?"

तिनं दार आपटलं. धाकटीनं आपटलं नव्हतं, तेही हिनं आपटून घेतलं.

*

दुकान दोन बसच्या अंतरावर होतं. पाटी नवी, शिलाई यंत्र तेच. काउंटरला तीन गिऱ्हाइकं : चेन बिघडलेली बॅग घेऊन एक म्हातारा आणि शाळेचे कपडे घेऊन दोन बायका. धाकटी आत पॅन्टची शिलाई उसवत बसली होती. केस पांढरे झाले होते. थोरलीच्या ते अंगावर आलं. आपल्या डोक्यातली धाकटी अकरा वर्षं काळ्या केसांचीच राहिली होती.

धाकटीनं मान वर केली. ओठांत टाचण्या.

थोरलीनं काउंटरवर रजिस्टर उघडून ठेवलं, पान फिरवलं, ओळीवर बोट ठेवलं.

धाकटी आली. वाचलं. तारखेपाशी तिची नजर थांबली. टाचण्या एकेक काढून मनगटावरच्या गादीत टोचल्या, घाई न करता.

"बरं," ती म्हणाली. "मग?"

"मग काय, तू नेली नव्हतीस!"

"हे मला सांगायला आलीस? मला ठाऊक होतं, ताई. सगळ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं. आणि भाऊजींना."

"मला माफ..."

"थांब." धाकटीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि गिऱ्हाइकं आपोआप मागं सरकली. "हळू काय बोलतेस? तेव्हा हळू बोलली होतीस? खालच्या मजल्यावरच्या बाईनं मला वर्षभर कपडे दिले नाहीत शिवायला. घरात चोर नको म्हणाली. मेलेल्या आईला चोरणारी ती आपले कपडे काय सोडेल! जितक्या मोठ्यानं म्हणालीस तितक्या मोठ्यानं म्हण आता. इथं. यांच्यासमोर."

थोरलीनं म्हाताऱ्याकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची कबुली टाइप केलेली बाई. स्वतःची द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"हिनं चोरी केली नव्हती!" ती ओरडली. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला. "माझ्या बहिणीनं काही चोरलं नव्हतं! मी खोटं बोलले! न विचारता, न बघता बोलले! मूर्ख मी होते!"

"जरा जास्तच मोठ्यानं," म्हातारा कानाला हात लावत म्हणाला. "मी बॅगेसाठी आलोय, बाई."

एक बाई फिसकन हसली. धाकटी हसली नाही.

"पिशवीत काय होतं, ते नाही विचारलंस. तेव्हाही नाही, आताही नाही."

"काय होतं?"

धाकटीनं यंत्राशेजारचा पत्र्याचा चौकोनी डबा उचलून काउंटरवर आदळला. बटणं खळखळली. झाकणावरची फुलं उडून गेली होती, पण डबा तोच.

"हे होतं. तूच दिला होतास. 'तुझ्या कामाचा आहे, घेऊन जा' म्हणालीस, वर्तमानपत्रात गुंडाळून. आपल्या हातानं!"

थोरलीनं झाकणावरून बोट फिरवलं. आठवलं. सगळं आठवलं. वर्तमानपत्र, त्यावर बांधलेली दोरी, गाठ मारायला धाकटीनं लावलेलं बोट. आपल्या हातची गाठ आपल्यालाच चोरीची दिसली होती.

"या परवा," धाकटी गिऱ्हाइकांना म्हणाली. "आजोबा, तुमची बॅग ठेवा इथं." लोक गेले. तिनं अर्धं शटर ओढलं. मग दोघी डब्याच्या दोन बाजूंना उभ्या, आणि कोणाचा तरी हात आधी आत गेला. पांढरी इकडं, काळी तिकडं. बराच वेळ नुसतं टप टप.

"माझ्यावर काय म्हणायची ती," थोरलीनं विचारलं, "पूर्ण येतं तुला?"

"मला टेप लागत नव्हती कधी," धाकटी फणकाऱ्यानं म्हणाली. आणि बटणांवरची नजर न काढता, बेसूर, रागातच, म्हणाली :

*थोरलीचा माझ्या राग, जसं दूध येतं वर,*
*फुंकर घालता खाली, डोळा पाणी घटकाभर.*
*धाकटीचा माझ्या राग, गार दगड नदीचा,*
*वरून गं भिजलेला, आत कोरडा कधीचा.*

"काळा दगड," थोरली डोळे पुसत म्हणाली. "गार नव्हे."

"गार! अकरा वर्षांनी आलीस ती चुका काढायला?"

"काळाच होता."

"पुरावा आण मग," धाकटी म्हणाली. पुरावा कुठं होता. पुराव्यावर तीन तास पाच मिनिटं टेनिस होतं.

मनात दूध पुन्हा वर आलं. आणि या वेळी थोरलीनं फुंकर घातली नाही.

"चल," ती म्हणाली. "माझ्याबरोबर चल."

"भाऊजींनी रडून दाखवलेलं मला बघायचं नाही."

"रडायचं नाहीच त्यांना. डॉक्टरांनी बंदी केलीय. नोंद पुरी करायचीय."

*

निरीक्षक खुर्चीतच होता. दोन जोडी पावलं ऐकून सरळ बसला.

"कोण?"

"चोर," धाकटी म्हणाली. आणि त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली.

तो उठायला गेला, परत बसला. थोरली आत कॉम्प्युटरसमोर गेली. निळी पट्टी तशीच होती, वाट बघत. तिनं दार सताड उघडं ठेवलं.

"सांगा," ती म्हणाली. कोर्टातला आवाज, सपाट. "दोनशे चौदा. आधीचं रेकॉर्डिंग. तुमच्या तोंडानं सांगा, मी उतरवते."

मग तो सांगायला लागला, घसा खाकरत, रकान्याला शोभेल असं तोडून तोडून. थोरलीची बोटं पळाली :

'सासूबाईंची गाणी ४१ मि. मी चुकून पुसली. मेहुणीवर खोटा आळ घातल'

टुंग. 'जागा संपली.'

"साठ अक्षरंच घेतो तो," निरीक्षक म्हणाला. "मीच ठेवलीत साठ."

"मग काही तरी काढावं लागेल. मिनिटं काढू?"

"मिनिटं नको!" तो चमकून म्हणाला. "माप कसं काढशील?"

धाकटीनं कपाळावर हात मारला.

"आळाचं काढ," तो हळूच म्हणाला. "ते टेपेवर कुठं होतं..."

"ते जाणार नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"मग 'मी' काढ. 'चुकून पुसली' एवढं पुरे. अर्थ लागतो."

थोरलीनं पडद्याकडं पाहिलं. 'मी' आणि 'चुकून'. दोन्ही मावत नव्हते, एक मावत होता. अकरा वर्षं या घरात 'चुकून' कंसात सुखानं बसला होता, आणि 'मी' कुठंच नव्हता.

तिनं 'चुकून' पुसला.

"वाचून दाखवते," ती म्हणाली. "सासूबाईंची गाणी, एकेचाळीस मिनिटं. मी पुसली. मेहुणीवर खोटा आळ घातला. बरोबर?"

काळा चष्मा खाली झुकला होता. डोळ्याच्या पट्टीची कड ओली झाली होती का, हे पाहायला कोणी जवळ गेलं नाही.

"बरोबर," तो म्हणाला.

तिनं कळ दाबली. टुंग झालं नाही. नोंद घेतली गेली, आणि पडद्यावर पुढचा नंबर आला, सगळे रकाने रिकामे : दोनशे पंधरा.

थोरली उठली. स्टूल ओढलं, वरच्या अर्ध्या फळीवरून कपडे काढले, पिशवीत भरले.

"किती दिवस?" बाहेरून त्यानं विचारलं.

"नोंद करणार असाल तर सांगते," ती म्हणाली. "नाही तर मला तरी कुठं ठाऊक आहे."

जिना उतरताना धाकटी म्हणाली, "माझ्याकडं तुला गाद्या नाहीत घालायला. आणि दगड गारच होता."

"काळा," थोरली म्हणाली, आणि पिशवीचा एक बंद तिच्या हातात दिला.